‘जी’ लावल्याने सगळी फाइल बदलत नाही
विम या मजकूर-संपादकात (टेक्स्ट एडिटर) एका शब्दाच्या जागी दुसरा घालण्याच्या ‘एस’ (s) या आज्ञेला शेवटी ‘जी’ (g) जोडला की फाइलभर तो शब्द बदलतो, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. ‘जी’चा अंमल ओळीपुरताच असतो: ‘पूना ते मुंबई, मुंबई ते पूना’ या ओळीवर ‘:एस/पूना/पुणे/’ दिल्यास पहिलाच ‘पूना’ बदलतो, ‘जी’ जोडल्यास दोन्ही बदलतात, पण खालची ओळ जशीच्या तशी राहते. सगळ्या ओळी हव्या असतील तर ‘एस’च्या आधी टक्क्याचे चिन्ह द्यावे लागते. (विमच्या सेटिंगमधला ‘जीडिफॉल्ट’ हा पर्याय चालू असेल, तर मात्र ‘जी’चा अर्थ नेमका उलटा होतो: ‘जी’शिवाय ओळीतले सगळे बदलतात, ‘जी’ लावल्यास पहिलाच.) एवढे करूनही ‘पूनावाला’चा ‘पुणेवाला’ होतोच, म्हणून शेवटी ‘सी’ (c) हाही लावावा, मग विम प्रत्येक ठिकाणी विचारूनच बदल करतो.