निळ्या चौकटीत गाडी कोणी लावायची, हे ठरवणार कोण?

आज सकाळी घोडबंदर रस्त्यावरील एका व्यापारी संकुलाच्या तळघरात माझी आई सात मिनिटे एकाच जागी उभी होती. घरी येऊन जेवणे झाली, आई झोपली, तरी ती सात मिनिटे माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे.

आईला पार्किन्सन्स आहे. माझ्या मित्रयादीतील बहुतेकांना ते ठाऊक आहे, पण हा आजार म्हणजे हात थरथरणे एवढेच पुष्कळांना वाटते. आईचा हात फारसा थरथरत नाही. तिचे पाय थांबतात. औषधाचा अंमल असतो तोवर ती काठीशिवाय चालते, दारातल्या तुळशीला पाणी घालते, पाहुण्यांना चहा करते. अंमल उतरू लागला की पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते. डोके सांगते, पाय ऐकत नाहीत. हे उंबरठ्याशी होते, लिफ्टच्या दाराशी होते, अरुंद जागेतून वळताना होते. तिच्या गोळीच्या वेळांवर आमच्या घरातले घड्याळ चालते, असे म्हटले तरी चालेल.

आज डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ साडेदहाची होती. पाचपाखाडीहून निघताना आई व्यवस्थित होती. पुढे मेट्रोच्या कामाशी गाड्या अडकल्या आणि आम्ही पोहोचेपर्यंत गोळीचा जोर ओसरू लागला होता. तळघरात लिफ्टच्या शेजारीच निळ्या रंगाची, व्हीलचेअरचे चित्र काढलेली जागा आहे. तिच्यात केशरी कोन ठेवला होता. मी सुरक्षारक्षकाला कोन बाजूला करायला सांगितले. त्याने वाकून आईकडे पाहिले आणि विचारले, “व्हीलचेअर कुठे आहे?” मी म्हटले, व्हीलचेअर नाही, पार्किन्सन्स आहे. तो म्हणाला, “मागच्या वेळी तर मावशी चालत गेल्या होत्या.” मी आईचे दिव्यांगतेचे कार्ड दाखवले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. “हे नाही चालत, मॅडम. गाडीला स्टिकर लागतो.”

मी गाडी दुसऱ्या टोकाला लावली. तिथून लिफ्टकडे येताना अर्ध्या वाटेत आईचे पाय थांबले, दोन्ही बाजूंनी गाड्या येत-जात होत्या, मागून हॉर्न वाजत होते, आणि मी तिचा हात धरून “एक-दोन, एक-दोन” म्हणत उभी होते. त्याच वेळी एक मोठी काळी गाडी आली, तिच्या काचेवर व्हीलचेअरचे स्टिकर होते, कोन उचलला गेला, आणि तिच्यातून तिशीतला एक माणूस उतरून जिन्याने दोन-दोन पायऱ्या चढत वर निघून गेला. असे स्टिकर गाड्यांच्या सामानाच्या दुकानात कोणालाही मिळते. विकणारा कागद मागत नाही, लावणाराही कोणाला विचारत नाही.

आईच्या कार्डाबद्दल सांगते, कारण खरा राग तिथे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे आणि पार्किन्सन्स त्यात आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, तेव्हा हे पाऊल मोठे होते, यात शंका नाही. स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, आधार आणि फोटो जोडायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचे, तिथे टक्केवारी ठरते आणि यथावकाश यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, येते. चाळीस टक्क्यांच्या आत असाल तर पांढरे, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान पिवळे, त्यापुढे निळे. बहुतेक सवलतींचा दरवाजा चाळीस टक्क्यांना उघडतो. तपासणीच्या दिवशी मी आईला वेळेवर गोळी दिली, कारण गोळीशिवाय तिला त्या रांगेत बसवणे शक्यच नव्हते. परिणामी डॉक्टरांसमोर आई अंमलात असतानाची आई होती. ती खुर्चीतून उठली, चार पावले चालली, वळली, परत येऊन बसली. छत्तीस टक्के. पांढरे कार्ड. मी मुलगी म्हणून माझे काम नीट केले आणि त्यामुळेच आईचे चार टक्के गेले, हे मला आजही सलते.

आणि समजा चाळीस टक्के मिळाले असते, तरी काय झाले असते? त्या कार्डावर गाडी कुठे लावता येईल याबद्दल एक अक्षर नसते. २०२० साली वाहन नोंदणीच्या अर्जात बदल करून मालक दिव्यांग असल्याची नोंद करण्याची सोय झाली, तीही मालकासाठी. आमची गाडी माझ्या नावावर आहे. आपल्याकडच्या किती आजारी आईवडिलांच्या स्वतःच्या नावावर गाडी असते? ती मुलाची असते, जावयाची असते, कधी शेजाऱ्याची असते, आणि बहुतेक वेळा रिक्षाच असते.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात राहते. तिच्या सासऱ्यांना हृदयाचा त्रास आहे. तिथे डॉक्टर एका अर्जावर सही करतात आणि वाहन खाते निळी पाटी देते, जी गाडी उभी केल्यावर आतल्या आरशाला टांगायची असते. पाटी माणसाची असते, गाडीची नसते. सासरे ज्या गाडीत बसतील तिच्यात ती जाते. पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली, तर सहा महिन्यांपर्यंतची लाल पाटी मिळते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमात, जो १९९१ सालचा आहे, पात्रतेची पहिलीच कसोटी अशी आहे की माणसाला मध्ये विसावा न घेता दोनशे फूट चालता येत नाही. दोनशे फूट म्हणजे साधारण साठ मीटर. पुढे फुप्फुसांचे आजार आहेत, प्राणवायूची नळकांडी सोबत बाळगणारे आहेत, गंभीर हृदयविकार आहे, मज्जासंस्थेच्या आजारामुळे चालणे फार मर्यादित झालेले आहेत. पाटी देताना विचारायचा प्रश्न एकच असतो, की या माणसाला गाडीपासून दारापर्यंत जाणे किती जड आहे.

आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारतच नाही. आपल्या २१ प्रकारांत हृदयविकार नाही, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजारही नाही. म्हणजे मावसबहिणीचे सासरे उद्या ठाण्यात आले तर त्यांना पांढरे कार्डसुद्धा मिळणार नाही. याउलट ज्यांना ऐकू येत नाही त्यांची टक्केवारी पूर्ण असू शकते आणि त्यांना त्यांचे सगळे हक्क मिळायलाच हवेत, पण लिफ्टजवळच्या जागेची गरज त्या टक्केवारीवरून कळत नाही. टक्केवारी पेन्शनसाठी असेल, आरक्षणासाठी असेल. तळघरातल्या साठ मीटरांसाठी ती मापपट्टी चुकीची आहे.

आपल्या लोकलमध्ये हे थोडे तरी जमले आहे. दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर स्त्रियांना बसू देतात. कोणीतरी केव्हातरी बसून विचार केला असणार की या डब्याची गरज कोणाकोणाला आहे. गर्दीच्या वेळी त्या डब्यात धडधाकट माणसेही घुसतात, हे मी रोज पाहिले आहे, तरी निदान कोणाला उतरवायचे हे पोलिसाला ठाऊक असते.

खोटे दाखले काढणारे इथेही निघतील, हे मला कबूल आहे. कॅलिफोर्नियातही पाट्यांचा गैरवापर होतो आणि पकडले तर दंड अडीचशे डॉलरपासून सुरू होतो. पण दंड तेव्हाच करता येतो, जेव्हा खरी पाटी कशी दिसते हे आधी ठरलेले असते. आपल्या अधिनियमाच्या कलम ९१ मध्ये दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही सांगितले आहे. दुकानातून आणलेल्या स्टिकरला ते लावणार कसे? पार्किंगचा परवानाच नाही, तर खोटा परवाना कशाला म्हणायचे?

इथवर लिहिले आणि थांबले. त्या काळ्या गाडीतल्या माणसाबद्दल मी वर जे लिहिले, ते पुन्हा वाचले. तो जिना चढून गेला, एवढेच मी पाहिले. वरच्या मजल्यावरून तो कोणाला आणायला गेला असेल, तर मला ठाऊक नाही. मीही त्याच्या पायांकडे बघूनच निकाल दिला, जसा सुरक्षारक्षकाने आईच्या पायांकडे बघून दिला. मजकूर बदलत नाही, कारण सकाळी मला तसेच वाटले होते. पण पायांकडे बघून निकाल देण्याची वेळ माझ्यावर किंवा त्या सुरक्षारक्षकावर यावीच का?

सुरक्षारक्षकावरचा राग तर बाराच्या आतच गेला होता. तपासणी होईपर्यंत आईची पुढची गोळी झाली होती, पण अंमल यायला वेळ होता. तळघरात लिफ्टचे दार उघडले आणि ती दाराशीच थांबली. तो धावत आला, स्वतःची प्लास्टिकची खुर्ची आणली, तिला बसवले आणि मला म्हणाला, “ताई, गाडी इथे आणा, ती काळी गाडी गेली.” बारा तासांची पाळी, उजेड नाही, वारा नाही, आणि दिवसभर गाडीवाल्यांची बोलणी. त्याला कोणीही कागदावर लिहून दिलेले नाही की कोणाला आत सोडायचे. मग तो स्टिकर बघतो, नाहीतर चेहरा बघतो. मी त्याच्या जागी असते तर वेगळे काय केले असते?

बांधकामाचे नियम मात्र लिहिलेले आहेत. दिव्यांगांसाठीची जागा दारापासून तीस मीटरच्या आत हवी आणि तिची रुंदी किमान ३.६ मीटर हवी, म्हणजे नेहमीच्या जागेपेक्षा मीटरभर जास्त, कारण दार पूर्ण उघडायला, खुर्ची वळवायला, हात धरून उभे राहायला ती लागते. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येईल अशा, करायच्या होत्या, आणि अधिनियमाखालचे नियम २०१७ च्या जूनमधले आहेत, तेव्हा ती मुदत केव्हाच उलटली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतलाच सुगमतेसंबंधीचा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातली मानके केवळ शिफारशींसारखी उरली होती, आणि बंधनकारक नियम करायला सरकारला तीन महिने दिले. म्हणजे जागा किती रुंद असावी यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत विचार झाला आहे. त्या जागेत कोणी थांबावे, हे मात्र पाचपाखाडीतल्या मला आणि घोडबंदरच्या त्या सुरक्षारक्षकाला आपापसांत भांडून ठरवावे लागते.

ठाण्यात कोणालाच गाडी लावायला जागा नाही, हे उत्तर मला आज तरी ऐकायचे नाही. मी महापालिकेला आणि राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाला पत्र लिहीत आहे. मागणी साधी आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीवर, माणसाच्या नावाने, फोटोसह परवाना द्या, तो कोणत्याही गाडीत आणि रिक्षातही चालू द्या, आणि कसोटी चालण्याची ठेवा. ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी आपले अनुभव मला लिहून पाठवावेत, मी ते पत्राला जोडेन.

त्या निळ्या जागेच्या कडेला पांढऱ्या तिरक्या रेषा मारल्या आहेत. सकाळी त्यांच्यावर दोन मोटारसायकली उभ्या होत्या. पार्किन्सन्सच्या माणसाला सपाट जमिनीवर पाऊल उचलत नाही, पण समोर आडवी रेघ दिसली तर ती ओलांडायला पाय उचलला जातो. आमच्या घरात पॅसेजमध्ये मी त्यासाठीच रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. सुरक्षारक्षकाने मोटारसायकली ओढून बाजूला केल्या. आई खुर्चीतून उठली, पहिल्या रेषेकडे पाहिले आणि पाय उचलला. मग दुसरी, मग तिसरी, गाडीच्या दारापर्यंत. तो बघत उभा होता. म्हणाला, “मला वाटायचे, ही जागा बाइक लावायलाच सोडली आहे.”