बेंगळूरला संसार हलवायच्या आधी घरात बोलायच्या गोष्टी

बेळगावातून बेंगळूरला किंवा पुण्याला बायकामुलांसकट निघालेल्या पोराला आपण घरची माणसं एकच प्रश्न विचारतो, पॅकेज किती? आकडा कळला की गल्लीत कुंदा वाटून होतो. माझं स्पष्ट मत आहे की त्या आकड्याकडे बघून संसार हलवू नये. आणि हलवायचाच असेल, तर गावाकडच्या घराने निदान पहिली दोन वर्षं त्या पगारावरचा आपला हक्क बाजूला ठेवावा. हे वाचून काही वडीलधाऱ्यांना वाईट वाटेल, तरी लिहिते आहे, कारण ह्या पोरांची ओढाताण मी दरवर्षी कागदावर बघते.

मी हिशेबाचं काम करते. रिटर्न भरायचे दिवस आले की शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, तिकडे खानापूर-निपाणीपर्यंतच्या पोरांचे पगाराचे कागद माझ्या टेबलावर येतात. १२ लाखांचं पॅकेज घ्या. आपल्याकडे सगळे सरळ बाराने भागतात आणि महिन्याला लाख म्हणून मोकळे होतात. पण कंपनीने भरायचा पीएफ त्या १२ लाखांतच धरलेला असतो, ग्रॅच्युइटीही त्यातच, आणि व्हेरिएबल म्हणतात ते वर्षाच्या शेवटी, तेही काम बघून. मूळ पगार निम्मा, म्हणजे ६ लाख धरला, तर पीएफचे कंपनीचे ७२ हजार, पोराचे ७२ हजार, ग्रॅच्युइटीचे २८-२९ हजार, व्हेरिएबलचे लाख-सव्वा लाख, व्यवसाय कर वेगळा. नव्या करपद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही ही जमेची बाजू. तरीही दर महिन्याला हातात पडतात ते साधारण ७५ हजार. पीएफचा पैसा आपलाच आहे, मान्य. पण जूनमध्ये शाळेची फी भरायला तो हाताशी नसतो.

आता भाडं. व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी, सर्जापूर रोड ह्या बाजूला दोन खोल्या-हॉल-किचनला ३० हजाराच्या खाली बरं घर मिळणं कठीण. वर मेंटेनन्सचे तीन-चार हजार. त्याहून मोठा घाव डिपॉझिटचा. बेंगळुरात पूर्वापार दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची रीत होती, आता बरेच जण पाच-सहा महिन्यांवर आले आहेत. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा काढला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये असं लिहिलं आहे. पण तो राज्यांनी स्वीकारायचा असतो, आणि भाड्याने घर शोधणाऱ्याच्या हातात तो कागद दाखवून काही होत नाही. सहा महिन्यांचे १ लाख ८० हजार, पहिल्या महिन्याचं भाडं, एजंटाचं एक भाडं, सामानाचा ट्रक, मुलाची ॲडमिशन. पहिला पगार जमा व्हायच्या आत तीन लाख उडालेले असतात. ते कुठून येतात ते मला माहीत आहे. सोसायटीचं कर्ज, भिशी, नाहीतर बायकोच्या पाटल्या बँकेत.

डिपॉझिट परत येताना काय होतं तेही सांगते. माझ्या मामेभावाने तीन वर्षं राहून घर सोडलं, तेव्हा मालकाने रंगकामाचे म्हणून महिन्याचं पूर्ण भाडं कापून घेतलं. ते करारात होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नंतर मालक खोल्याखोल्यांतून मोबाईलचा टॉर्च मारत फिरला. मुलीने पेन्सिलीने भिंतीवर काढलेले आकडे, कॅलेंडरसाठी मारलेला खिळा, ओट्याच्या कडेला उडालेला टवका, प्रत्येकाचे वेगळे पैसे लावले. रंगाचे एकदा घेतल्यावर भिंतीवरच्या पेन्सिलीचे पुन्हा कसे, असं वैनींनी विचारलं, तर उत्तर मिळालं नाही. सामान ट्रकमध्ये चढलेलं, मूल कडेवर झोपलेलं, अशा वेळी माणूस भांडत बसत नाही, देईल ते घेतो. म्हणून माझं प्रत्येकाला सांगणं असतं की चावी घेतलेल्या दिवशीच घराचा व्हिडिओ काढा आणि मालकाला पाठवून ठेवा. रंगकामाचे किती कापणार तो आकडा करारात घालून घ्या, आणि बाकीचं डिपॉझिट किती दिवसांत परत देणार तेही.

पण ज्या गोष्टीचा हिशेब कुणीच धरत नाही, ती म्हणजे घरातल्या बाईची कमाई. इथे बेळगावात ती लॅबमध्ये, शाळेत, दुकानात, सोसायटीत काम करत असते. १५-१८ हजार मिळत असतील. मूल सासूबाई बघतात, शाळा चालत जाण्यासारखी, दुपारचा डबा घरचा. नवऱ्याचं पॅकेज आलं की तिची नोकरी सुटणार हे कुणी ठरवतही नाही, ते धरूनच चालतात. तिकडे गेल्यावर तिला २५ हजारांची नोकरी मिळाली तरी पाळणाघराचे दहा-बारा हजार, रिक्षा-बसचे वेगळे, आणि मूल तापलं की सुट्टी कुणी घ्यायची हा प्रश्न आहेच. मग ती घरी बसते. वर्ष जातं, दोन वर्षं जातात, आणि तिच्या कामातला खंड वाढत जातो. नवऱ्याच्या नव्या पगारातून तिचे गेलेले १८ हजार आधी वजा करा, मग वाढ किती झाली ते बोला. आणि तो आकडा तिच्यासमोर, तिला विचारून काढा. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे, असं २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीपासून कायद्यात आहे. ऑफर घेताना पगारासाठी चार वेळा फोन करणारी पोरं हे एकदाही विचारत नाहीत. विचारा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

शाळेचं तर आपल्या मराठी घरांना दुहेरी ओझं. इथे मराठी माध्यमात तिसरी-चौथीत असलेलं पोर, जे कन्नड एक विषय म्हणून शिकतं, ते बेंगळुरात एकदम इंग्रजी शाळेत बसतं. तिथे कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते, त्यात वाईट काही नाही, ह्या राज्यात राहायचं तर ती यायलाच हवी. आपल्या पोरांना ती थोडी येतही असते. पण इंग्रजीसाठी शिकवणी लागते, आणि तिचा खर्च फीच्या आकड्यात दिसत नाही. साध्या खासगी शाळेला वर्षाचे लाख-सव्वा लाख आणि व्हॅनचे तीन हजार धरून ठेवा. दाखला एप्रिलमध्येच मागून ठेवा आणि त्यावरचा सॅट्स नंबर, म्हणजे कर्नाटकाच्या शिक्षण खात्याचा मुलाचा क्रमांक, तपासा. तो चुकला की जूनमध्ये मूल घरी आणि बाप बेंगळूर-बेळगाव फेऱ्यांत.

तर ७५ हजारांतून भाडं-मेंटेनन्स ३३-३४ हजार, शाळा आणि व्हॅन १३, किराणा-दूध-गॅस-भाजी १५, जाणं-येणं पाच, फोन-इंटरनेट दीड. झाले ६८. डॉक्टर, कपडे, कुणाचं लग्न ह्याला सात हजार उरतात. मेट्रोने जायचं म्हटलं तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये भाडं वाढलं, लांबच्या टप्प्याचं कमाल तिकीट ६० वरून ९० रुपयांवर गेलं. एवढं सगळं झाल्यावर गणपतीला गावी यायचं. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाली, फार सोयीची आहे, पण खुर्चीचं तिकीटही हजाराच्या वर. चौघांचं जाऊन-येऊन काय होतं ते बघा. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, सणाला हाहा म्हणता वेटिंग लागतं, आणि खासगी स्लीपरवाले त्या आठवड्यात मागतील तो दर.

बरं, हे झालं ऑफिसात बसणाऱ्यांचं. उद्यमबागेत फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये काम शिकून बेंगळुरातल्या पीण्या ह्या कारखान्यांच्या वसाहतीत जाणारी पोरंही आपलीच आहेत. त्यांच्या हातात २२-२५ हजार पडतात. लग्गेरे-दासरहळ्ळीत पत्र्याच्या एका खोलीला सात-आठ हजार. अशा घराला कर्नाटक सरकारच्या योजनांचा खरा आधार आहे, आणि तो पुरेपूर घ्यायला हवा. गृहज्योतीची २०० युनिटपर्यंतची मोफत वीज भाडेकरूलाही मिळते, फक्त जुन्या मीटरवरून आधार क्रमांक काढून नव्या मीटरला जोडायचं विसरू नका. गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० रुपये घरच्या कर्त्या बाईला येतात. शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, जून २०२३ पासून. पीण्याहून बेळगाव ५०० किलोमीटर, तेवढा प्रवास लाल बसने मूल मांडीवर घेऊन करणाऱ्या बायका मी ओळखते. त्या कशासाठी अंग मोडून घेतात ते समजून घ्या. दीड-दोन हजार वाचतात, आणि त्या घरात तो आठवड्याचा बाजार असतो.

पुणं आपल्याला जवळचं. ३४० किलोमीटर, भाषा घरची, मराठी शाळा आहेत, डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं, आणि भाडेकरार नोंदवावाच लागतो, त्यामुळे हातात पक्का कागद राहतो. नोकरी दोन्हीकडे सारखी मिळत असेल आणि मूल मराठी शाळेत असेल तर मी पुणंच सांगेन. पण सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की वरच्या योजनांचा हिशेब बदलतो. केंद्राचं रेशन एक देश एक कार्डामुळे तिकडे उचलता येतं, कर्नाटक स्वतःचं जास्तीचं देतं ते नाही. महाराष्ट्रातल्या बायकांच्या योजनांना तिथला रहिवास लागतो. एसटीत मात्र बायकांना अर्धं तिकीट आहे. कमी पगाराच्या घराने हे सगळं कागदावर मांडूनच राज्य निवडावं. सीमेवर आपण भावनेने फार बोलतो, आणि ती भावना माझीही आहे, पण भाडं भावनेवर भरता येत नाही.

आता वडीलधाऱ्यांशी बोलते, कारण खरी अडचण तिथे आहे. पोराला नोकरी लागली की आपण वरच्या मजल्याचं काढतो. स्लॅब टाकायची, कर्ज पोराच्या नावावर. ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता २६ हजारांचा. मग तो पोर बेळगावातल्या रिकाम्या मजल्याचा हप्ता भरतो आणि बेंगळुरात दुसऱ्याच्या घराचं भाडं. नवी करपद्धत घेतली तर घरभाड्याची सूटही नाही आणि राहत्या घराच्या व्याजाचीही नाही. ह्या दोन्हींच्या मध्ये तो आणि त्याची बायको पिळून निघतात, आणि आपल्याला फोनवर "सगळं बरं आहे" सांगतात. मुलाने आईबापांना बघायलाच हवं. औषधपाणी, दवाखाना ह्यात कसूर नको. पण मजला ही आईबापांची गरज नाही, ती गल्लीला दाखवायची गोष्ट आहे, हे आपणच मान्य केलं पाहिजे.

आणि "तू एकटा जा, बायकापोरं इथेच राहू देत" हा सल्ला फार सोपा वाटतो, मला तो पटत नाही. सहा महिने ठीक. वर्षं गेली की मूल बापाला पाहुण्यासारखं बघायला लागतं आणि दोन चुली चालवायचा खर्च काही कमी नसतो. त्यापेक्षा लहान घर घ्यावं, कंपनीपासून थोडं लांब घ्यावं, पण एकत्र राहावं.

परवा आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या घरी हेच बोलणं झालं. पुतण्याला बेंगळूरची ऑफर आहे, सून इथे एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते, नातू दुसरीत. मी आकडे लिहीत गेले तसे भावजी गप्प होत गेले. जाऊबाई म्हणाल्या, "मग आमचे दहा हजार नकोत तूर्त. यळ्ळूरच्या शेतातलं भात येतंय, तांदळाचं पोतं आम्हीच पाठवू. औषधांचं तेवढं बघ की रे." पुतण्या "नाही काकी, तसं कसं" म्हणून माझ्याकडेच बघायला लागला. मी सुनेला विचारलं, तुला काय वाटतं? ती आधी सासूकडे बघून थांबली, मग म्हणाली, "मला तिकडं लॅबमध्ये नोकरी मिळाली तरच मी मार्चनंतर येते. तोवर हे पीजीत राहू देत. नाहीतर मी इथली सोडणार नाही."

कुणी रागावलं नाही. स्लॅबचं काम थांबवलं आहे, सेंट्रिंगवाल्याला भावजी स्वतः सांगून आले. सुनेचा बायोडेटा मी काल टाईप करून दिला. यशवंतपूर-राजाजीनगरच्या बाजूला ज्यांच्या ओळखीत लॅब किंवा दवाखाना असेल त्यांनी मला जरूर कळवावं.