तळाला गेलात म्हणजे संघ बांधला, असं होत नाही

एनबीएतला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला, एखादा संघ आपटायला लागला की आपल्याकडचे चाहतेसुद्धा हल्ली एकच पालुपद लावतात. हरू दे रे, अजून हरू दे, तेवढाच वरचा पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडण्यात आधीची पाळी, मिळेल. माझा भाचा पुण्यात शिकतो, उटा जॅझचा भक्त आहे (का, ते त्याचं त्यालाच माहीत), आणि मे महिन्यात देवगडला आला की आंबे खात खात मला हेच ऐकवतो. "मामा, लहान शहराच्या संघाला टँकिंगशिवाय पर्याय नाही." टँकिंग म्हणजे वरच्या पिकसाठी मुद्दाम हरणं. त्याला तोंडी सांगून झालंय. आता लिहूनच टाकतो, म्हणजे निदान टॅग तरी करता येईल.

मी डेट्रॉइट पिस्टन्सवाला. 2004 साली केबलवर फायनल बघितली आणि चिकटलो. समोर लेकर्स: शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन, गॅरी पेटन. आमच्याकडे त्या तोलामोलाचं एकही नाव नव्हतं आणि आम्ही 4-1 ने जिंकलो. त्या संघाचा कणा होता बेन वॉलेस, ज्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोणीच घेतलं नव्हतं. आणि याच क्लबने आदल्या वर्षी, 2003 ला, दुसऱ्या क्रमांकाचा पिक डार्को मिलिचिचवर घालवला होता. त्याच्या मागे कोण कोण उभं होतं? कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड. डार्को बाकावर बसून चॅम्पियन झाला. वरचा पिक म्हणजे हमखास खेळाडू हा भ्रम माझ्या बाबतीत तेव्हाच फिटला.

नंतरचं फार सांगत नाही, त्रास होतो. 2008 ला त्याच संघातला बिलप्स देऊन उताराला लागलेला आयव्हर्सन आणला, 2018 ला ब्लेक ग्रिफिनचा अवाढव्य करार गळ्यात बांधून घेतला, आणि शेवटी सगळं मोडून नव्याने सुरुवात करायचं ठरलं.

ज्यांना ड्राफ्टची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या प्रो कबड्डीसारखा तिथे लिलाव नसतो. नवे खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात आणि आधी पाळी कोणाची हे लॉटरीने ठरतं. प्लेऑफबाहेर (हंगामानंतरच्या बाद फेरीबाहेर) राहिलेले 14 संघ, यंत्रात 14 चेंडू, त्यातले चार बाहेर येतात. अशा 1001 जुळण्या होतात, एक बाद करून हजार वाटून टाकतात. पूर्वी शेवटच्या संघाला पहिल्या पिकची 25 टक्के संधी असायची. संघ मुद्दाम हरतात म्हणून 2019 पासून तळाच्या तिघांना प्रत्येकी 14 टक्के केली, आणि सगळ्यात शेवटचा संघ घसरून पाचव्यापर्यंत जाऊ शकतो.

आता आमचं नशीब बघा. 2021 ला पहिला पिक लागला, केड कनिंगहॅम आला, ते खरं. पण पुढे 2023 ला 17 विजय, 65 पराभव, लीगमध्ये शेवटचे. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये सगळ्यांना हवा असलेला वेंबन्यामा होता. तो गेला सॅन अँटोनिओला, आम्हाला पाचवा पिक. 2024 ला 14-68, पुन्हा शेवटचे, पुन्हा पाचवा. 2025 ला भाच्याचा उटा 17-65 करून शेवटचा आला, त्यालाही पाचवा. आणि पहिला कोणाला? डॅलसला, 1.8 टक्के संधीवर! ज्या डॅलसने तीनच महिन्यांपूर्वी लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवून स्वतःच्या चाहत्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, त्यांच्या पदरात कूपर फ्लॅग पडला. यावर विसंबून कोणी चार-चार वर्षं हरायचं?

टँकिंगचा विषय निघाला की फिलाडेल्फिया आलंच. 2013 ला सॅम हिंकी जनरल मॅनेजर म्हणून आले आणि त्यांनी उघडपणे संघ मोडीत काढला. 19-63, मग 18-64, मग 10-72. हिंकींना मी मूर्ख म्हणणार नाही. मधल्या कुवतीचा संघ वर्षानुवर्षं ओढत बसण्यात अर्थ नाही हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. घोडं अडलं पुढे. आणि ते कुठे अडलं हे मला बास्केटबॉलपेक्षा आमच्या बागेत जास्त नीट कळलं.

आमची बरीचशी कलमं आजोबांच्या काळातली. वाढून एकमेकांत घुसलेली, खाली ऊन नाही, फळ फक्त शेंड्याला, आणि तिथवर चढायला माणूस मिळत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने अशा जुन्या बागा छाटून नव्या करायची पद्धत दिलेली आहे. पावसाळा सरला की चेन सॉ लावून मोठ्या फांद्या उतरवायच्या, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट फासायची. बाग बघवत नाही. येणारा-जाणारा विचारतो, काय रे, विकलीस की काय? पण हे काम दोन-तीन दिवसांचं. खरी परीक्षा नंतर. बुंध्याला चारी बाजूंनी फुटवे येतात, एकेका जागी पंधरा-वीस. सगळेच हिरवेगार, सगळेच गोजिरे, काढवत नाहीत. ते विरळ करून बाहेरच्या बाजूला जाणारे मोजके ठेवायचे, दर थोड्या दिवसांनी खोड पोखरणारा भिरूड लागलाय का बघायचं, दोन-तीन वर्षं उत्पन्न नाही ते सोसायचं. विरळणी चुकवली तर पुन्हा तेच रान. बाबा त्यावेळी म्हणाले होते, "तोडूक काय, कोणय तोडीत. मगे फुटव्यांकडे कोण बघतलो?"

फिलाडेल्फियाचे फुटवे बघा. 2013 ला नर्लेन्स नोएल, 2014 ला जोएल एम्बीड, 2015 ला जलील ओकाफोर. तिघेही उंच, तिघेही रिंगखालचे. कोर्टवर ती जागा एकच. एम्बीड तर दुखापतीने पहिले दोन हंगाम खेळलाच नाही. ज्या मायकेल कार्टर-विल्यम्सला 2014 चा सर्वोत्तम नवोदित ठरवलं, त्याला पुढच्याच फेब्रुवारीत विकला, कशासाठी तर अजून एका पिकसाठी. 2016 ला हिंकी 13 पानी पत्र लिहून गेले. पुढे 2016 आणि 2017 असे लागोपाठ दोन पहिले पिक फिलाडेल्फियाला मिळाले: बेन सिमन्स आणि मार्केल फुल्ट्झ. दोघेही आज तिथे नाहीत. एम्बीड 2023 ला एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, मोठा खेळाडू आहे, वाद नाही. पण इतकं सगळं करून ईस्टच्या, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागाच्या, फायनलपर्यंतही गाडी गेली नाही.

इथे भाचा ओक्लाहोमा सिटी थंडरचं नाव पुढे करतो. "थंडरने टँकिंगच केलं ना? झाले ना 2025 ला चॅम्पियन?" हरले, मान्य. 2020-21 ला 22-50, नंतर 24-58. डिसेंबर 2021 ला मेम्फिसने त्यांना 73 गुणांनी हरवलं, 152-79. एनबीएच्या इतिहासात एवढ्या फरकाने कोणी हरलेलं नाही. पण चॅम्पियन संघातली माणसं आली कुठून ते तपासा. शे गिल्जस-अलेक्झांडर ड्राफ्टमध्ये 11 वा गेला होता. 2019 ला पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला तेव्हा पिकच्या ढिगाऱ्यासोबत तो आला. जेलन विल्यम्स 12 वा, तोसुद्धा क्लिपर्सच्याच पिकवर. लू डॉर्टला ड्राफ्टमध्ये कोणी हात लावला नव्हता. तळाला जाऊन मिळवलेला मोठा खेळाडू म्हणाल तर एक चेट होल्मग्रेन, 2022 चा दुसरा पिक, आणि तोही पहिलं वर्ष पायाच्या दुखापतीने बसून होता.

आणि त्यांची विरळणी बघा. जॉश गिडी 2021 चा सहावा पिक, गुणी पोरगा, चाहत्यांचा लाडका. पण शेच्या शेजारी त्याचा खेळ बसेना. 2024 ला थंडरचे व्यवस्थापक सॅम प्रेस्टींनी तो शिकागोला दिला आणि बदल्यात घेतला ॲलेक्स करूसो. तिशीतला, गुण फार न करणारा, नुसता बचाव करून समोरच्याला हैराण करणारा माणूस. सोबत एकही पिक मागितला नाही. अनेकांनी नाकं मुरडली. पुढच्या मे महिन्यात डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात निकोला योकिचसमोर, त्याच्यापेक्षा कितीतरी बुटका असून, हाच करूसो ठाण मांडून होता. आणखी एक: 73 गुणांनी हरल्यावरही कोच मार्क डेगनॉल्टची नोकरी शाबूत राहिली. तीच पोरं, तोच कोच, तीच पद्धत, 68-14 पर्यंत.

आमच्या डेट्रॉइटकडे 2023 च्या हिवाळ्यात काय चाललं होतं ते माझ्या बायकोला विचारा. मोहोराच्या फवारणीचे दिवस, पहाटे साडेपाचला सामना, आणि नाश्त्याला बसेपर्यंत माझा चेहरा पडलेला. ऑक्टोबरअखेर सुरू झालेली हार थांबायलाच तयार नव्हती. 28 सलग. एका हंगामात इतकं सलग कोणीच हरलेलं नाही. 28 वा पराभव बॉस्टनला ओव्हरटाइमपर्यंत नेऊन. शेवटी 30 डिसेंबरला टोरोंटोला 129-127 हरवलं. घरच्या मैदानावर लोक "सेल द टीम" ओरडत होते.

पोरं वाईट होती का? अजिबात नाही. केड होता, जेलन ड्युरेन होता, ऑसार थॉम्पसन होता. पण लांबून टाकणारं कोणी नव्हतं. ऑसारचे तीन गुणांचे पाच फटके मोजले तर एकही धड आत जात नव्हता, किलियन हेजचंही तेच रडगाणं. यांना मोकळं सोडलं तरी चालतं हे कळल्यावर समोरचे पाचही जण रिंगखाली गर्दी करून उभे. केड चेंडू घेऊन आत शिरायचा तो थेट तिघांच्या अंगावर. बोग्दानोविचसारखा मुरलेला नेमबाज सुरुवातीचे कितीतरी सामने जखमी. बाकी सगळी विशीतली पोरं, एकमेकांच्या तोंडाकडे बघणारी. बाजूला उभे कोच माँटी विल्यम्स, 6 वर्षं, साडेअठ्ठ्याहत्तर मिलियन डॉलरचा करार, पुढच्या जूनमध्ये त्यातली बहुतेक रक्कम देणं ठेवून घरी पाठवलेले. या पैशात डेट्रॉइटच्या मालकांनी देवगड तालुक्यातली किती बाग घेतली असती हा हिशोब मी केलाय. इथे देत नाही.

मग 2024 च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटचे कारभारी म्हणून ट्रेजन लँगडन आले. पाचवाच पिक मिळाला होता, तारणहार कोणी येणार नव्हता. त्यांनी काय केलं? टोबायस हॅरिस आणला. फिलाडेल्फियाने 180 मिलियन देऊन ज्याला पाच वर्षं शिव्या घातल्या तोच. तो पूर्वी आमच्याकडेच होता, ग्रिफिनच्या व्यवहारात गेलेला. मलिक बीझलीला एका वर्षासाठी 6 मिलियनवर घेतलं. टिम हार्डवे ज्युनियर डॅलसकडून आला, वर डॅलसनेच पिक दिले. कोच म्हणून क्लीव्हलंडने नुकतेच काढलेले बिकरस्टाफ. यातल्या एकाही नावावर कोणी फटाके लावले नसते. पण बीझलीने हंगामात 319 तीन गुणांचे फटके मारले. त्याला आणि हार्डवेला कोपऱ्यात मोकळं सोडायची कोणाची छाती होईना, आणि केडसमोर अचानक रस्ता उघडला. पोरगा तोच, पण सरासरी गेली 26 गुण आणि 9 असिस्टवर (असिस्ट म्हणजे ज्यावर सोबत्याचे गुण होतात तो पास). 14 विजयांवरून 44. तिपटीहून जास्त! जेडन आयव्हीचा पाय 1 जानेवारीला मोडला तरीही.

22 एप्रिल 2025 ची पहाट. आमचा ऐन हंगाम, अंगणात पेंढा पसरलेला, मी आणि नेपाळी गडी वजनाप्रमाणे आंबा निवडून पेट्या भरतोय, फोन एका पेटीला टेकवून ठेवलेला. प्लेऑफचा दुसरा सामना, न्यूयॉर्कच्या मैदानावर. 2008 पासून आम्ही प्लेऑफमध्ये एकही सामना जिंकलो नव्हतो, सलग 15 हरलेले. 100-94 ने जिंकलो. मी हातातला आंबा चुकीच्या पेटीत टाकला आणि ओरडलो. गड्याने विचारलं, "भाव बढ़ गया क्या?" पुढे मालिका 4-2 ने हरलो, शेवटच्या क्षणी ब्रन्सनने मारलेला फटका अजून डोळ्यांसमोर आहे. तरी त्या दिवशीच्या पेट्या मी हसत हसत वाशीला पाठवल्या.

आपल्याकडे हे होत नाही असंही नाही. पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला होती. 2024 ला विजेती झाली ती अस्लम इनामदारसारखी तरुण पोरं, बी. सी. रमेश यांच्यासारखा जुना जाणता प्रशिक्षक आणि 2 कोटी 35 लाखांना घेतलेला इराणी शादलू, अशी मोट बांधून. लिलावात तर शेवटचं येण्याचं बक्षीसच नसतं, तरी जमलं.

म्हणून माझा राग हरण्यावर नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना एकत्र कोंडून, वर्षभर मार खाऊ देऊन, त्याला "विकास" म्हणायचं यावर आहे. बचावात वेळेवर सरकायचं कसं, पाच गुणांनी मागे असताना चेंडू कोणाकडे द्यायचा, हे ती पोरं एकमेकांकडून शिकणार नाहीत. साठ सामने हरून त्यांना हरायची सवय लागते, आणि मग चांगल्या पोरालाही लोक बिनकामाचा ठरवतात. केडला ठरवलाच होता. 2023 च्या डिसेंबरात त्याला विकून टाका म्हणणारे आज गप्प आहेत.

भाच्या, वाचतोयस ना? लॉटरीच्या रात्रीचं जागरण यंदा राहू दे. जुलैत तुझा उटा तिशीतले कोण दोन-तीन नेमबाज घेतो आणि पिकवरची कोणती पोरं सोडून द्यायची हिंमत दाखवतो ते बघ, आणि मग फोन कर. आंबे संपलेले असतील, पण फणस असेल.