पुस्तक ही उधळपट्टी नव्हे

विमानतळावरच्या स्टॉलवरून पुस्तक घेणं म्हणजे उधळपट्टी, फोनमध्ये सगळं असतंच, हे प्रवासातल्या खरेदीबद्दलच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. गेल्या वर्षी माझं विमान पाच तास लेट झालं. चार्जिंगच्या प्रत्येक सॉकेटपाशी गर्दी, फोन सहा टक्क्यांवर, आणि बोर्डिंग पास त्यातच! फोन बंद करून ठेवला आणि स्टॉलवरून एक पातळसा कथासंग्रह उचलला. कव्हर बघून नव्हे, उभ्या उभ्या पहिलं पान वाचून. बिलाची पावतीच खूण म्हणून घातली, ती आजही ६२व्या पानावर आहे. घरी मी ते पुस्तक कधीच विकत घेतलं नसतं. असं अनोळखी काहीतरी हाती लागणं, हीच तर त्या स्टॉलची खरी किंमत.

विमानात खायला वेफर्ससारखं खारट काही घेऊ नये, याबद्दल मात्र लेखकाशी पूर्ण सहमत. केबिनमधला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच असतो, म्हणून वेफर्सचं पाकीट वर गेल्यावर टम्म फुगतं आणि फोडताना निम्मे वेफर्स मांडीवर. हवाही फार कोरडी, बऱ्याचदा २० टक्क्यांहून कमी आर्द्रता. खारट खाऊन घसा आणखीच सुकतो. मी साधे, बिनमिठाचे दाणे घेते आणि रिकामी बाटली सुरक्षा तपासणीनंतर भरून घेते. राहिलेल्या पैशांत एखादं मासिक सहज येतं.