‘पुलेशु’ कोणत्या कोशात सापडेल?

मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर भाषेची काळजी वाहणाऱ्यांना ऊत आला. ताजं भांडण असं: ‘अपलोड’, ‘बग’, ‘हॅकर’ यांना सरकारनं मराठी शब्द पाडून द्यावेत की आहेत तेच चालू द्यावेत? मी बोस्टनजवळ राहतो आणि पोटासाठी प्रोग्रॅम लिहितो, म्हणून भाच्यानं मला पंच नेमलं. ‘‘मामा, तू तिथलाच. तूच सांग.’’

तिथलाच म्हणजे नदीपलीकडचा. चार्ल्स ओलांडली की एमआयटी, मॅसॅच्युसेट्सची तंत्रज्ञान संस्था. तिथल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबात पोरं टेबलाखालच्या तारांशी झटापट करायची, आणि ‘हॅक’ हा शब्द आजच्या अर्थाच्या वाटेला लागला तो तिथेच. क्लबच्या बोलीचा एक कोश पीटर सॅमसननं १९५९ मध्ये लिहूनही ठेवला. या आवारात हॅक म्हणजे आजही अक्कलहुशारीची खोडी. १९९४ मध्ये विद्यार्थ्यांनी मुख्य घुमटावर पोलिसांची गाडी चढवून ठेवली होती, तशी. हॅकर म्हणजे खात्यातले पैसे पळवणारा, हा अर्थ बातम्यांनी रुजवला. त्याला ‘संगणक-चोर’ असा मराठी शब्द दिला, तर आपण बातमीदारांची चूक शुद्ध मराठीत करू, एवढंच.

पुढे १९७५ मध्ये स्टॅनफर्डला राफाएल फिंकेलनं अशा शब्दांची एक फाइल सुरू केली. ती एमआयटीत पोचली, दोन्हीकडची माणसं भर घालत गेली आणि १९८३ मध्ये तिचं छापील पुस्तक झालं. माझा सगळा युक्तिवाद या फाइलवर उभा आहे. तिच्यासाठी कोणी टांकसाळ उघडली नव्हती. लोक जे बोलत होते ते वेचलं, आणि शब्दांबरोबर गोष्टीही वेचल्या.

त्यातली माझी लाडकी गोष्ट जादूच्या बटणाची. एमआयटीच्या प्रयोगशाळेत पीडीपी-१० या जुन्या मोठ्या संगणकाच्या कपाटाला कोणीतरी एक बटण जोडलेलं होतं. त्यावर पेन्सिलनं दोन खुणा: ‘जादू’ आणि ‘जास्त जादू’. बटण ‘जास्त जादू’वर होतं. पाहिलं तर त्याला तार एकच. एका तारेनं काय होणार? थट्टा समजून पाहणाऱ्यांनी ते उलटं केलं आणि यंत्र जागीच बंद पडलं. वर्षभरानं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. शेवटी बटण कापून काढलं आणि यंत्र सुरळीत चालू राहिलं. आमच्या ऑफिसात प्रोग्रॅममधल्या एखाद्या जुन्या ओळीला कोणी हात लावेना, की ‘जास्त जादू आहे तिथे’ एवढं म्हटलं तरी पुरतं. समितीला असा शब्द सुचणार नाही, कारण समितीचं यंत्र कधी बंद पडलेलं नसतं.

मग आपल्याकडे काय आहे? भरपूर आहे. मराठी माणूस आंतरजालावर आला, मायबोली १९९६ मध्ये सुरू झाली, पाठोपाठ इतर संस्थळं आली, आणि शब्द आपोआप उगवले. पुढील लेखनास शुभेच्छा, म्हणून ‘पुलेशु’. हसून हसून पुरेवाट, म्हणून ‘हहपुवा’. नुसता वाचणारा, म्हणजे ‘रीड ओन्ली मोड’मधला, तो ‘रोमात’. या सप्तमीच्या प्रत्ययावर माझा जीव आहे! ‘टेक इट लाइट’, म्हणजे थट्टा आहे, मनावर घेऊ नका, यातला लाइट पेटवून तर कोणीतरी ‘दिवे घ्या’ केलं. कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या चर्चेत लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा विनोद काहींना खरा वाटला, तेव्हा स्कॉट फालमननं १९८२ मध्ये विरामचिन्हांचा आडवा हसरा चेहरा सुचवला. गरज तीच, आपण दिवे लावले.

घडवलेले शब्द टिकतच नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ असे रुळले की ते कोणी घडवले होते हेही आठवत नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश कायद्याला, कारभाराला हवेतच. आणि बोलीभाषेची बाजू घेताना तिची दुसरी बाजूही सांगायला हवी: ती दार लावून घेते. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी एक साधा प्रश्न विचारला आणि उत्तरादाखल चार अक्षरं आली, आरटीएफएम. ‘माहितीपुस्तिका वाच’ याचं शिवीसकट रूप. अर्थ कळायला अर्धा दिवस लागला, राग जायला जास्त. ‘पुलेशु’ पहिल्यांदा वाचणाऱ्याचंही तसंच होत असणार.

म्हणूनच म्हणतो, वेचून ठेवा. नव्या शब्दांची मागणी करण्याआधी हे वीस-पंचवीस वर्षांचे शब्द कोण कुठे बोललं, कशावरून बोललं, ते लिहून घ्या. बोलणारी माणसं अजून आहेत.

हे सगळं भाच्याला लांबलचक लिहून पाठवलं. त्याचं उत्तर दोन शब्दांचं: ‘‘विषय हार्ड.’’

मी विचारलं, ‘‘नेमकं कुठे अडलं?’’

‘‘अडलं नाही रे मामा, कौतुक करतोय. दिवे घे.’’