'तुमच्यासारख्यांना' : एका हितचिंतकांस उत्तर

श्री. 'हितचिंतक' यांस,

आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आले, आणि तिसऱ्यांदा वाटले की उत्तर दिलेच पाहिजे. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : दहावीतला एक मुलगा, वर्गाने त्याचा दोन वर्षे केलेला छळ, आणि आपल्याला मुली आवडतात की मुलगे हे अजून उमगलेले नाही, एवढे स्वतःशी कबूल करायला त्याला लागलेला वेळ, हा त्या लेखाचा विषय होता. त्यावर आपले आक्षेप असे की, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या कलम ३७७ च्या निकालाचे साल मी चुकविले. पोरवयातल्या गोंधळाला नाव देण्याची मला घाई झाली. मुलाच्या घरच्यांना मी विचारले होते की नाही हे लिहिले नाही. आणि शेवटी, 'अशा पोराला चार महिने तालमीत घातले असते तर तुमच्यासारख्यांना लेखाला विषयच मिळाला नसता.'

सालाची चूक मला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. मी लिहिलेले २०१७ हे खासगीपणाच्या हक्काविषयीच्या निकालाचे साल आहे. दोन्हींची गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे, आभारी आहे.

आता तालमीकडे वळू. आपले ते एक वाक्य लिहायला आपल्याला अर्धे मिनिट लागले असेल. मला मात्र त्यासाठी चाळीस वर्षे मागे जावे लागले. १९८५ च्या उन्हाळ्यात, मी पंधरा वर्षांचा असताना, गिरणीत कामाला असलेल्या माझ्या वडिलांनी मला नेमके तिथेच घातले होते, आणि कारणही आपल्या मनात आहे तेच होते. माझी चाल त्यांना खटकत होती, आवाज खटकत होता, आणि बहिणींबरोबर सागरगोटे खेळणे तर असह्य होत होते. चार महिने नव्हे, दोन वर्षे मी पहाटे पाचला उठून तिथे गेलो. तेल, ताक आणि हळद घालून मळलेल्या त्या तांबड्या मातीचा वास आजही पहिल्या पावसात मला कुठूनतरी येतो. जोर काढले, बैठका काढल्या, पाठ मातीला लागली, लावलीही. वर्षभराने वडिलांनी वस्तादांना विचारले, "काही फरक?" वस्ताद अंगावरची माती झटकत म्हणाले, "पोरगं घामाला भीत नाही. आणखी कसला फरक पाहिजे तुम्हाला?" वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तेव्हा तालमीबद्दल माझी तक्रार नाही, उलट अख्ख्या गावात मला कोणी 'बायल्या' न म्हणणारी ती एकच जागा होती. मात्र तिथे जाऊन मी बदललो, असा आपला समज असेल तर तो चूक आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे अडतिसाव्या वर्षी मिळाले. ते काय मिळाले, हे आपल्याला सांगण्यास मी बांधील नाही.

शिवाय, 'तालमीत घातले असते तर' या शब्दांत एक उपचार दडलेला आहे, म्हणजे आधी एक आजार गृहीत धरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढली. असे कल 'बदलून' देण्याचे उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळविले. जे डॉक्टरने करायचे नाही ते तुम्ही वस्तादाकडून करवून घेणार, आणि वर स्वतःला हितचिंतक म्हणवणार! (आपला सूरही नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचे मासिक काढले आणि वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, तर त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते.)

नाव देण्याच्या घाईबद्दल एवढेच विचारतो की, घाई नेमकी कोणाला झाली होती? त्या मुलाला वर्गाने आठवीतच नाव देऊन टाकले होते. आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषा हाताशी असतात, आणि पोरांनी त्या चारही वापरल्या. त्याच्या बाकावर कर्कटकाच्या टोकाने एक शब्द कोरलेला होता. तो दिसू नये म्हणून हा मुलगा त्यावर वही ठेवून लिहीत असे. लिहिताना दाब पडून वहीच्या शेवटच्या पानांवर ती अक्षरे उलटी उमटत गेली. ती पाने त्याने मला दाखविली तेव्हा आम्ही कंबर तलावाच्या काठी बसलो होतो. बोटाने चाचपले की अक्षरे लागत होती. मी त्याला कोणतेही नाव दिले नाही. उलट, सगळे जग उत्तर मागत असताना 'अजून माहीत नाही' असे म्हणायची मुभा त्याला आहे, एवढेच मी म्हणालो. त्यावर तो बराच वेळ गप्प होता. पुढच्या रविवारी आपणहून म्हणाला, "काका, मला अजूनही कळलेलं नाही. पण आता रात्री उठून त्याचा विचार करत बसत नाही." आपण ज्याला गोंधळ म्हणता तो हा. माझ्या मते त्या वर्गात गोंधळ नसलेला तो एकटाच होता.

घरच्यांच्या परवानगीचे म्हणाल, तर त्या कुटुंबाचे आणि माझे काय बोलणे झाले ते आमच्यापुरते राहू द्या. 'चिडवण्याने पोरे घट्ट होतात' या आपल्या वाक्यावर मी वेळ घालविणार नाही.

राहता राहिला 'तुमच्यासारख्यांना' हा शब्द. माझ्यासारखे म्हणजे कोणासारखे, हे आपण लिहिलेले नाही, आणि ते न लिहिण्यातच त्या शब्दाची सगळी मौज आपल्याला वाटली असावी. बाकावर कोरणाऱ्या पोरांनी निदान शब्द पुरता लिहिला होता. आपण पुन्हा अवश्य लिहा, टोपणनावाने लिहिलेत तरी माझी हरकत नाही. फक्त जे म्हणायचे आहे ते पुरते लिहा.