कोड सेन्सरचा आला म्हणजे सेन्सरच गेला, असं नसतं

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: "गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि दिवा लागला की स्कॅनर लावा. पी०७१५ किंवा पी०७२० दिसला तर स्पीड सेन्सर गेला. मल्टिमीटरने ओहम बघून खात्री करा, नवा सेन्सर टाका, कोड पुसा, बॅटरी काढून परत जोडा. स्पोर्ट्स कार जोरात पळवली जाते, तिचे सेन्सर उष्णतेने जळणारच. याहून जास्त तपासणी सांगणारा मेकॅनिक पैसे उकळतो आहे."

हा सल्ला लोकांना का पटतो ते कळतं. किरकोळ बिघाडासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवायला लावणारी गॅरेजं आहेत, आणि त्या भीतीपोटी माणूस सोपा रस्ता शोधतो. पण या रस्त्याने गेल्यावर चांगले सेन्सर भंगारात जातात आणि खरा दोष आतल्या आत वाढत राहतो. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून बघू.

पहिला मुद्दा, "कोड आला म्हणजे सेन्सर गेला." पी०७१५ चा नेमका अर्थ आहे इनपुट किंवा टर्बाइन स्पीड सेन्सरच्या (गिअरबॉक्समध्ये येणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमध्ये दोष. पी०७२० म्हणजे हाच दोष आउटपुट स्पीड सेन्सरच्या, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटमध्ये. सर्किटमध्ये सेन्सर असतो, त्याच्या वायरी असतात, कनेक्टरच्या पिना असतात, पुरवठ्याचा व्होल्टेज आणि अर्थिंग असतं, ज्या दातेरी चकतीकडे बघून सेन्सर वेग मोजतो ती चकती असते आणि शेवटी सिग्नल वाचणारा कंट्रोलर (गिअरबॉक्सचा संगणक) असतो. यातलं काहीही बिघडलं तरी कोड तोच येऊ शकतो. त्याचे भाऊबंदही नीट वाचावे लागतात: पी०७१६ म्हणजे सिग्नल येतो आहे पण पटण्यासारखा नाही, पी०७१७ म्हणजे सिग्नलच नाही, पी०७१८ म्हणजे मधूनमधून येतो-जातो. येणारा-जाणारा सिग्नल दिसला की मी आधी कनेक्टर आणि वायरिंगकडे जातो, सेन्सरकडे नंतर. आणि साध्या स्कॅनरवर नुसता पी०७०० दिसत असेल तर त्याने अजून काहीच सांगितलेलं नाही. दोष गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये नोंदला आहे, तिकडे जाऊन वाचा, एवढाच त्याचा अर्थ. इंजिनपुरतंच वाचणारा स्कॅनर तिथवर पोचतच नाही.

आणखी एक खूण सांगतो. एकाच वेळी दोन-तीन सेन्सरांचे कोड आले तर सगळे सेन्सर एका दिवशी मेले असं समजू नका. बहुतेक वेळा त्यांचा पुरवठा किंवा अर्थिंग सामाईक असतं. अशक्त बॅटरीवर स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली गेला तरी असे कोड झुंडीने नोंदले जातात.

मर्सिडीजचा पाच गिअरचा ७२२.६ गिअरबॉक्स याचं चांगलं उदाहरण आहे. पहिल्या एसएलकेपासून एसएलआर मॅकलॅरनपर्यंत तो अनेक गाड्यांत बसला. त्यात वेग मोजणारे दोन सेन्सर, एन२ आणि एन३, आतल्या कंडक्टर प्लेटवरच (विजेच्या जोडण्यांच्या पाटीवर) बसवलेले आहेत. वायरिंग गिअरबॉक्समध्ये शिरतं त्या जागच्या बुशची ओ-रिंग (रबरी सील) कडक झाली की ऑइल कनेक्टरमध्ये उतरतं आणि वायरींच्या आतून चढत चढत थेट कंट्रोलरपर्यंत पोचतं. कोड सेन्सरचे येतात, गाडी दुसऱ्या गिअरवर अडकते. अशा वेळी कंट्रोलरचा प्लग काढून त्यावर बोट फिरवलं आणि बोटाला ऑइल लागलं, तर निम्मं निदान तिथेच झालं. याच गिअरबॉक्समध्ये काही गिअरमध्ये दोनपैकी एका सेन्सरचं वाचन शून्य असणं अगदी स्वाभाविक आहे, कारण तो बघतो तो भागच त्या वेळी ब्रेकने धरून ठेवलेला असतो. हे ठाऊक नसलेला माणूस शून्य बघतो आणि धडधाकट सेन्सरला मेलेला ठरवतो.

दुसरा मुद्दा मल्टिमीटरचा. "ओहम बघा, कळेल." हे फक्त जुन्या धाटणीच्या, चुंबक आणि कॉइल असलेल्या सेन्सरला लागू पडतं. त्याचा रोध काहीशे ओहमपासून हजार-दोन हजारांपर्यंत कुठेही असू शकतो आणि योग्य आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघावा लागतो. हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखतो आणि त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्यावर ओहम मोजून काहीच कळत नाही. त्याला पुरवठा देऊन सिग्नल बघावा लागतो. दोनच वायरी दिसल्या म्हणजे कॉइलचाच सेन्सर, हेही खरं नाही. दोन वायरींचे हॉल सेन्सर असतात. ते करंट कमी-जास्त करून बोलतात, साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांवर. आणि कॉइलचा सेन्सर असला तरी थंड गाडीत घेतलेलं वाचन फसवं ठरतं. तुटायला आलेली कॉइल थंडपणी जुळलेली असते, ऑइल तापलं की फाकते. गाडी अर्धा तास चालल्यावरच बिघडत असेल तर तपासणीही तापल्यावरच करायला हवी.

मल्टिमीटर टाकून द्या असं मी म्हणत नाही. पुरवठा कनेक्टरपर्यंत पोचतो का आणि सर्किट चालू असताना अर्थिंगच्या वायरीवर किती व्होल्टेज पडतो, हे त्याच्यावर छान कळतं. ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) मिळाला तर प्रश्न आणखी सोपा होतो. चकतीचा एखादा दाता मोडला असेल तर प्रत्येक फेरीला त्याच जागी खाच दिसते; वायर सैल असेल तर खाचा वाटेल तिथे पडतात. कॉइलच्या सेन्सरच्या टोकाशी लोखंडी कीस जमला असेल तर कमी वेगात लाटेची उंची घटते आणि सिग्नल नेमका गाडी थांबता थांबता हरवतो. पण कीस पुसून सेन्सर परत लावायचा आणि विषय मिटवायचा, असं करू नका. तो कीस आला कुठून, हा प्रश्न सेन्सरपेक्षा मोठा आहे.

आता ज्या तपासणीला हा सल्ला साफ बगल देतो तिच्याकडे येतो, आणि इथे जरा थांबणार आहे. गाडीत वेग मोजणारे साक्षीदार एकाहून जास्त असतात. इंजिनचा आरपीएम क्रँक सेन्सर सांगतो. गिअरबॉक्सच्या इनपुट आणि आउटपुट शाफ्टचे आरपीएम त्यांचे सेन्सर सांगतात. चाकांचा वेग एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) सांगतं. हे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, आणि गिअरचं प्रमाण (इनपुटचा वेग भागिले आउटपुटचा वेग) ठाऊक असलं की ते एकमेकांशी ताडून बघता येतात.

जॅग्वार एफ-टाइपमधल्या झेडएफच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तिसऱ्या गिअरचं प्रमाण २.१०६ आहे. इनपुट ३००० असेल तर आउटपुट साधारण १४२४ यायला हवा. स्कॅनरवरचा लाइव्ह डेटा (गाडी चालू असतानाची वाचनं) रेकॉर्ड करा; पडद्याकडे बघणारा माणूस शेजारी बसलेला हवा, चालवणारा नव्हे. समजा आलेखात आउटपुट १४२४ वरून एका क्षणात शून्यावर पडला आणि लगेच वर आला, पण चाकांचा वेग सपाट रेषेत आहे. गाडी इतक्या वेळात थांबून परत पळू शकत नाही. म्हणजे सिग्नल तुटला, दोष विजेचा. आता दुसरं चित्र बघा: ॲक्सिलरेटर दाबला, इनपुट ३००० वरून ३४०० वर गेला, आउटपुट मात्र हळूहळूच चढतो आहे आणि चाकं आउटपुटला दुजोरा देत आहेत. इंजिनचा आरपीएमही इनपुटबरोबर वर गेला. इथे सगळे सेन्सर खरं सांगत आहेत. घसरतो आहे तो आतला क्लच. पी०७३० (गिअरचं प्रमाण चुकल्याचा कोड) किंवा त्याच्या जवळचे प्रमाणाचे कोड घेऊन आलेल्या कित्येक गाड्यांना नवे सेन्सर बसवले जातात ते हे चित्र कुणी पाहिलेलं नसतं म्हणून. तोवर क्लच जळत राहतो आणि त्याचा गाळ सगळ्या ऑइलमध्ये फिरतो.

इनपुट सेन्सरवरच संशय असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणारा भाग) त्याच्या क्लचने लॉक झालेला असताना, एकसारख्या वेगात बघा. लॉक झाला की इंजिन आणि इनपुट शाफ्ट एकाच वेगाने फिरायला हवेत. काही गाड्यांत मुद्दाम थोडी घसरण ठेवलेली असते, तेवढा फरक सोडून द्या. इनपुटचं वाचन इंजिनशीही जुळत नाही आणि आउटपुट गुणिले प्रमाण या हिशेबातही बसत नाही, तर इनपुट सेन्सर किंवा त्याचं सर्किट खोटं बोलतं आहे. हिशेबात बसतं पण इंजिनशीच जुळत नाही, तर कन्व्हर्टरचा क्लच घसरतो आहे. या सगळ्याला एक चांगला स्कॅनर आणि थोडं गणित पुरतं, गिअरबॉक्सचा एकही बोल्ट सैल करावा लागत नाही. ज्या तपासणीला हा सल्ला पैसे उकळणं म्हणतो ती ही आहे, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

"स्पोर्ट्स कारचे सेन्सर जळणारच" यात थोडं तथ्य आहे. एक्झॉस्ट जवळून जातो, ऑइल जास्त तापतं, वायरिंगचं आवरण कडक होऊन तडकतं. पण त्या उष्णतेचा पहिला बळी अनेकदा वायर आणि प्लग असतो, सेन्सर नव्हे. स्पोर्ट्स कारची खरी वेगळी अडचण मालकाने केलेल्या बदलांत असते. मागच्या चाकांना वेगळ्या व्यासाचे टायर घातले किंवा डिफरन्शिअलचं प्रमाण बदललं की चाकांचा वेग आणि आउटपुट शाफ्ट यांचा ठरलेला हिशेब चुकतो, आणि कंट्रोलरला त्यातला एक सेन्सर खोटा वाटू शकतो. इनपुट-आउटपुटचं आपसातलं प्रमाण मात्र टायरने बदलत नाही. कोणता कोड टायरमुळे येऊ शकतो आणि कोणता नाही, हे त्यावरून ठरतं.

"नवा सेन्सर टाका" हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत. केसिंगच्या बाहेर एका बोल्टवर बसवलेला सेन्सर असेल तर काम खरंच छोटं आहे. पण अनेक आधुनिक गिअरबॉक्समध्ये सेन्सर आत, ऑइलमध्ये, कंट्रोलरच्या किंवा लीड फ्रेमच्याच (विजेच्या जोडण्यांच्या साच्याच्या) अंगाचा भाग असतो. तो बदलायचा म्हणजे पॅन उतरवणं, ठरलेल्या तापमानाला ऑइलची पातळी बसवणं, कंट्रोलर बदलला तर त्याचं प्रोग्रॅमिंग आणि मग अॅडाप्टेशन, म्हणजे गिअर बदलण्याची मूल्यं कंट्रोलरला नव्याने शिकवणं. पोर्शच्या पीडीकेसारख्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये तर शिफ्ट रॉड कुठे आहे हे सांगणारे सेन्सरही आतच असतात. इतकं काम अंदाजावर कुणी काढू नये. शिवाय कधी इलाज सॉफ्टवेअरमध्येही असतो. २०१६ मध्ये फोर्डने एफ-१५० आणि मस्टँगसह काही गाड्या परत बोलावल्या, कारण आउटपुट स्पीड सेन्सरचा सिग्नल क्षणभर हरवला की गिअरबॉक्स धावत्या गाडीत एकदम पहिल्या गिअरवर येऊ शकत होता. त्यावर उपाय म्हणून कंट्रोलरचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं गेलं. त्यामुळे आपल्या गाडीसाठी असं काही जाहीर झालं आहे का, हे सेन्सर मागवण्याआधी बघायला हवं.

राहिला कोड पुसण्याचा आणि बॅटरी काढण्याचा मुद्दा. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम नोंदलेली असते: त्या क्षणी वेग किती, तापमान किती, व्होल्टेज किती. कोड पुसला की तीही जाते, आणि अधूनमधून येणाऱ्या दोषात तोच एकमेव धागा असतो. बॅटरी काढून गिअरबॉक्सची अॅडाप्टेशन मूल्यं बऱ्याच आधुनिक गाड्यांत पुसली जातच नाहीत, त्यासाठी स्कॅनरमधली वेगळी प्रक्रिया असते. म्हणून आधी सगळ्या कंट्रोलरांचे कोड आणि फ्रीझ फ्रेम जपून ठेवा, पुसणं त्यानंतर. दुरुस्ती झाल्यावर गाडी गल्लीत एक चक्कर मारून परत देऊ नका, घेऊही नका. फ्रीझ फ्रेममध्ये जो वेग आणि जे तापमान होतं तिथवर ती न्या आणि तेच आलेख परत रेकॉर्ड करा. नवा सेन्सर बसवूनही आउटपुटची रेषा त्याच तापमानाला तशीच तुटत असेल, तर काढलेला जुना सेन्सर अजून टाकून देऊ नका, आणि पुढचा शोध वायरिंगपासून सुरू करा.